पडदा काळा पडतो तेव्हा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके सकाळी आमच्या तालुका कार्यालयातील लॅपटॉपचा पडदा काळा पडला. यंत्र चालू होते. आतल्या पंख्याचा आवाज येत होता, सुरुवातीचे बनावटीचे चिन्हही क्षणभर उमटत होते. परंतु त्यानंतर डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत राही आणि पुढे काही म्हणून होत नसे. पीकविम्याच्या तक्रारींचे निवेदन त्याच यंत्रात होते आणि ते दुपारी तहसील कचेरीत द्यायचे होते. ज्या तरुण कार्यकर्त्याने या यंत्रावर लिनक्स बसवून दिले होते, तो नोकरीसाठी पुण्याला गेलेला. त्याचा फोन लागेना. अखेर निवेदन हाताने लिहून काढले, शेतकऱ्यांची नावे आठवून आठवून घातली. त्यात दोन नावे राहिली आणि त्या दोघांना पुढे पुन्हा हेलपाटा पडला.

पुढच्याच बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मागणी केली की, हे लिनक्स काढून टाकावे आणि चारचौघांकडे असते ती विकतची प्रणाली घ्यावी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : "तत्त्वे आम्हांलाही समजतात, पण तत्त्वापायी दोन शेतकऱ्यांची नावे राहिली, हे मला मान्य नाही." या म्हणण्याला हसून उत्तर देणे सोपे आहे आणि लिनक्सचे अभिमानी बहुधा तेच करतात. मी त्या मागणीला विरोध केला. परंतु त्यामागचा राग खरा होता, हे आधीच मान्य केले पाहिजे. लोकांच्या कामाला जे साधन ऐन वेळी उपयोगी पडत नाही, त्याच्या मोकळेपणाचे कौतुक लोकांनी का करावे?

प्रश्न एवढाच की, त्या सकाळी दगा कोणी दिला? यंत्राने, की आपल्या अज्ञानाने?

चार दिवसांनी कारण कळले. मे महिन्यातील शिबिरात चित्रफीत दाखवताना पडद्यावरील चित्र मध्येच आडवे फाटल्यासारखे दिसत होते. हा दोष नवा नाही आणि त्यावरील उपायही अनेक आहेत. आमच्यातल्या एकाने कोठून तरी मिळालेल्या चार ओळी एका फाइलीत जशाच्या तशा उतरवल्या. त्या ओळींचा अर्थ असा होता की, "पडद्यासाठी अमुक एक जुना ड्रायव्हरच वापर, दुसरा नको." चित्र फाटायचे थांबले, सर्वांना आनंद झाला आणि ती फाइल विसरली गेली. पुढे प्रणाली अद्ययावत करताना तो जुना ड्रायव्हर निघून गेला. आज्ञा मात्र राहिली. नसलेल्या नोकराला हाक मारीत यंत्र दारात थांबून राहिले. वस्तुतः अशी आज्ञा दिलेली नसेल, तर आजचे लिनक्स बहुतेक लॅपटॉपांना चालणारा सामान्य ड्रायव्हर आपण होऊन निवडते. ती फाइल बाजूला ठेवताच पडदा उजळला. या कामाला दोन मिनिटेही लागली नाहीत.

म्हणजे दोष आमचा होता. शिवाय तो दुहेरी होता : अर्थ न समजता आज्ञा उतरवली, आणि उतरवल्याची नोंद ठेवली नाही. मंत्राचा अर्थ विचारायचा नसतो, तो म्हणायचा असतो, ही वृत्ती आपण देवघरातून हद्दपार करू पाहतो आणि तीच संगणकापुढे बसून आनंदाने पाळतो. यंत्र आधुनिक आहे म्हणून त्याच्याशी असलेले आपले नाते आधुनिक होते, असे नाही.

पाणी कोठे अडले?

ज्यांनी कालव्याच्या टोकाला शेती केली आहे, त्यांना दुरुस्तीची रीत निराळी शिकवावी लागत नाही. शेतात पाणी आले नाही, तर आधी धरणातून पाणी सुटले की नाही ते पाहायचे; मग कालवा, मग वितरिका, मग चारी, आणि शेवटी आपल्याच बांधाचे भगदाड. जेथवर पाणी आहे तेथवर दोष नाही; जेथून पुढे नाही, तेथेच कुदळ मारायची. लॅपटॉपच्या पडद्याचेही असेच आहे.

यंत्र सुरू होताना बनावटीचे चिन्ह दिसले, तर पडदा आणि त्याच्या तारा बहुधा ठीक आहेत. तेही दिसले नाही, तर बाहेरचा पडदा जोडून पाहावा. किंवा अंधारात विजेरीचा झोत तिरपा टाकून पाहावा. पुसट अक्षरे दिसली, तर चित्र तयार होत आहे, मागचा प्रकाश तेवढा गेला आहे. येथे कोणतीही प्रणाली बदलून उपयोग नाही. चिन्ह दिसते पण पुढे काळोख, अशी स्थिती असेल, तर प्रारंभीच्या यादीतून आधीचे कर्नेल निवडून पाहावे. नवे कर्नेल आले, तरी बहुतेक लिनक्स प्रणाली निदान एक जुने कर्नेल अशाच प्रसंगासाठी राखून ठेवतात. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ या तीन कळा एकदम दाबल्यावर केवळ अक्षरांचा पडदा आला, तर यंत्र जिवंत आहे आणि फक्त चित्रांच्या थरात अडले आहे, असे समजावे. तेथून नाव व परवलीचा शब्द देऊन आत जाता येते, फाइली दुसरीकडे उतरवून घेता येतात, यंत्राची स्वतःची नोंदवही वाचता येते. आमच्या यंत्राने आपल्या नोंदवहीत त्या सकाळी स्वच्छ लिहून ठेवले होते की, मागितलेला ड्रायव्हर सापडत नाही. आम्ही ती वही उघडलीच नव्हती. एवढे ठाऊक असते, तर ती नावांची यादीही त्याच सकाळी पेन-ड्राइव्हवर निघाली असती.

आणखी एक कसोटी आहे. लिनक्सची प्रणाली पेन-ड्राइव्हवरूनच सुरू करता येते. यंत्रातील डिस्कला हात लावावा लागत नाही. तिच्यावर पडदा नीट दिसला, तर यंत्र शाबूत आहे आणि बिघाड आपल्या मांडणीत आहे. असा एक पेन-ड्राइव्ह प्रत्येक कार्यालयाच्या खणात असावा. त्याची किंमत एका सभेच्या चहापेक्षा फार नाही.

ब्राउझरचा गुन्हा आणि ब्राउझरवरचा आळ

पडदा सुरू झाला, तरी तक्रारी संपत नाहीत. ब्राउझरची खिडकी पांढरी पडते, अक्षरे थरथरतात, चित्रफीत चालताना यंत्र तापते, सभेत आपला पडदा इतरांना दाखवता येत नाही. अशा वेळी ब्राउझर काढून पुन्हा बसवणे हा लोकप्रिय उपाय आहे आणि तो सहसा निष्फळ ठरतो. कारण जुन्या सवयी व जुनी मांडणी वापरकर्त्याच्या खात्यातच राहतात आणि नव्या ब्राउझरला येऊन चिकटतात.

येथेही चारी-चारीने जावे. हाच दोष दुसऱ्या ब्राउझरमध्ये दिसतो काय? दिसत असेल, तर ब्राउझर निर्दोष असण्याचा संभव मोठा. दिसत नसेल, तर फायरफॉक्समध्ये ट्रबलशूट मोड नावाची सोय आहे. तीत सर्व जोडण्या आणि चित्रकामाची वेगवृद्धी तात्पुरती बंद होते. त्या अवस्थेत दोष गेला, तर एकेक जोडणी परत चालू करून पाहावी. जोडण्या निरपराध ठरल्या, तर संशय त्या वेगवृद्धीवर येतो. ब्राउझर आज पानाचे चित्र रंगवण्याचे बरेचसे काम चित्रचिपकडे सोपवतो. हे हस्तांतरण जेथे बिघडते, तेथे खिडक्या पांढऱ्या पडतात. फायरफॉक्स आणि क्रोम या दोघांच्याही सेटिंगमध्ये ही वेगवृद्धी बंद करता येते.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. वेगवृद्धी बंद केल्याने दोष गेला, म्हणजे दोष दुरुस्त झाला असे नव्हे. दोषाचे ठिकाण कळले एवढेच. ती कायमची बंद ठेवली, तर सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावतो, बॅटरी लवकर उतरते. निदानालाच उपचार समजण्याची चूक आपण राजकारणातही पुष्कळदा करतो. येथे तरी ती टाळावी.

काही गैरसोयींच्या मागे मात्र इतिहास आहे आणि तो माहीत असला म्हणजे चिडचिड कमी होते. लिनक्सवर पडद्याचा कारभार वर्षानुवर्षे 'एक्स' नावाच्या व्यवस्थेने पाहिला. तिचा जन्म १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीमध्ये झाला आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ पासून चालत आली. त्या काळाच्या विश्वासू वातावरणात तिची रचना झाली. एकाच पडद्यावरील एक प्रोग्रॅम दुसऱ्याची खिडकी पाहू शकतो, दुसऱ्यात दाबलेल्या कळाही टिपू शकतो. २००८ मध्ये क्रिस्तियान ह्योग्सबर्ग यांनी 'वेलँड' ही नवी व्यवस्था आरंभली. तिने ही मुभा काढून घेतली. म्हणूनच वेलँडवर पडदा इतरांना दाखवायचा, तर आधी परवानगी विचारणारी चौकट येते, आणि जुने प्रोग्रॅम या नव्या शिस्तीत अडखळतात. पडदा १२५ किंवा १५० टक्के मोठा केल्यावर एखादी खिडकी धूसर दिसते, तीही पुष्कळदा याच संक्रमणामुळे : तो प्रोग्रॅम अजून जुन्या 'एक्स'च्या भाषेत बोलत असतो आणि त्याचे चित्र ताणून मोठे केले जाते. फायरफॉक्स डिसेंबर २०२३ मधील १२१ व्या आवृत्तीपासून वेलँडची भाषा आपण होऊन बोलू लागला. गैरसोय खरी आहे. पण आपल्या परवलीच्या शब्दावर कोणी शेजारच्या खिडकीतून डोळा ठेवू नये, यासाठी ती आहे.

मराठी वाचकाची एक तक्रार निराळी नोंदवली पाहिजे. पानावर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, तर देवनागरी फॉन्ट नाही, एवढाच अर्थ. तो बसवला की काम होते. परंतु 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे दिसतात, तेव्हा गोष्ट सूक्ष्म असते. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. पानाने आपली भाषा मराठी असल्याचे सांगितले नाही, तर मराठी वळण पुढे येत नाही. हा दोष लिनक्सचा नव्हे, पान रचणाऱ्याचा आहे. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला भेद ज्या फॉन्टला दाखवता येत नाही, तो मराठीसाठी अपुरा आहे, असे खुशाल म्हणावे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली परिपत्रके तर कोणत्याही प्रणालीवर, तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर, निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडतात. तेथे ब्राउझरला शिव्या देऊ नयेत; मजकूर युनिकोडमध्ये द्या, अशी मागणी संबंधित कार्यालयाकडे करावी.

विकतची वाट

आता मूळ मागणीकडे वळू. विकतची प्रणाली घेतली, तर हा त्रास संपेल काय? काही त्रास निश्चित कमी होईल. बहुसंख्य लॅपटॉप तीच प्रणाली डोळ्यांपुढे ठेवून बनतात आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानदारालाही तीच ठाऊक असते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु त्या वाटेवरही एक फाटक आहे आणि त्याची किल्ली आपल्याकडे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते आणि ठराविक पिढीनंतरचेच प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत आहेत. सुरक्षादुरुस्त्यांची मुदत वाढवून घेण्याची सोय ठेवली गेली, पण तीही मोजक्या काळापुरती. म्हणजे चालते-बोलते, धडधाकट यंत्र एका तारखेला म्हातारे ठरते. ते बिघडले म्हणून नव्हे, तर ठरवले म्हणून. आमच्या कार्यालयातील लॅपटॉप एका शिक्षकाने वापरून झाल्यावर दिलेला आहे. विकतच्या प्रणालीच्या हिशेबी तो बाद आहे. लिनक्सवर तो अजून निवेदने लिहितो. ज्या चळवळीची यंत्रे देणगीतून येतात, तिला हा फरक किरकोळ नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या साऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचा उगमच मुळी दुरुस्तीच्या हक्कात आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेतील मुद्रणयंत्रात कागद अडकला की सर्वांना सूचना मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. त्या यंत्राचा मूळ प्रोग्रॅम त्यांना नाकारला गेला. पुढे १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचे कर्नेल जाहीर केले आणि १९९२ मध्ये ते ग्नूच्याच परवान्याखाली आणले. आमच्या यंत्राचे दुखणे आम्हांला वाचता आले, ते या परंपरेमुळे. मात्र हक्क असणे आणि तो वापरता येणे या दोन गोष्टी आहेत. कूळकायदा झाला म्हणून सातबारा आपोआप बदलला नाही. तलाठ्याच्या दारात जावे लागले. तसेच हेही.

म्हणून दोन उदाहरणे डोळ्यांपुढे ठेवावीत. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये आपल्या नगरपालिकेचे संगणक लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला आणि दहा वर्षांत जवळजवळ पंधरा हजार यंत्रे बदलली. २०१७ मध्ये त्याच नगरपालिकेने विंडोजकडे परतण्याचे ठरवले. कारणांबद्दल मतभेद आहेत. परंतु जुन्या पडलेल्या आवृत्त्या आणि संगणक विभागाची विस्कळीत रचना यांची चर्चा तेव्हा भरपूर झाली. केवळ ठरावाने यंत्रे चालत नाहीत, हा त्यातला धडा.

दुसरे उदाहरण घरचे आहे. केरळने या शतकाच्या पहिल्या दशकात 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पातून शाळांचे संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. ते टिकले. टिकले याचे एक कारण असे की, त्यांनी प्रणालीबरोबर माणसेही तयार केली. शिक्षकांना मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षण दिले आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' या विद्यार्थिमंडळांतून मुलांना हार्डवेअर, मल्याळम संगणन अशा गोष्टी शिकवायला आरंभ केला. कोठल्याशा एका हुशार मुलाच्या फोनवर शाळा अवलंबून राहिली नाही. आम्ही नेमके उलटे केले होते. विकतच्या कंपनीचे दास्य झुगारले आणि पुण्याला गेलेल्या एका मुलाचे दास्य पत्करले. त्या बिचाऱ्याचा यात काहीही दोष नाही.

लिनक्सच्या जाणकारांनाही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. नवशिक्याने प्रश्न विचारला की "हे तर अगदी सोपे आहे" असे म्हणून तीन ओळींची आज्ञा त्याच्या अंगावर फेकायची, ही रीत पौरोहित्याची आहे. त्या ओळी काय करतात, त्या मागे कशा घ्यायच्या, हे सांगितल्याशिवाय दिलेली मदत ही मदत नव्हे. उद्याच्या काळ्या पडद्याची ती बेगमी आहे. आमच्या फाइलीतील चार ओळी अशाच कोणा सद्हेतूच्या माणसाने लिहिलेल्या असणार.

काय करावे

बैठकीत मी मांडलेल्या सूचना साध्या आहेत. यंत्राशेजारी एक दोनशे पानी वही ठेवावी. पहिल्या पानावर यंत्राची बनावट, चित्रचिप, प्रणालीचे नाव व आवृत्ती लिहावी. पुढे प्रत्येक बदल तारखेसह : कोणी केला, का केला, कोणती फाइल बदलली, पूर्ववत कसे करायचे. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळत नाही. निवेदनाच्या, सभेच्या वा मोर्चाच्या आदल्या दिवशी प्रणाली अद्ययावत करू नये. पण म्हणून महिनोन्‌महिने टाळूही नये, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. नावांच्या याद्या दुसऱ्या ठिकाणी उतरवलेल्या असाव्यात. आणि प्रत्येक कार्यालयात निदान दोघांना, त्यांत एका स्त्री-कार्यकर्तीला, वर सांगितलेली चारी-चारीने शोधण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. 'यंत्राचे काम पोरांचे' ही समजूत आपल्याकडे न बोलता चालते, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

बैठकीने निर्णय तीन महिन्यांसाठी पुढे ढकलला, हे योग्यच झाले. मागणी करणाऱ्या ज्येष्ठांनीच वही आणून दिली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात यंत्राची माहिती उतरवून घेतली. त्यानंतर एकदा ब्राउझरची खिडकी पांढरी पडली, तेव्हा कार्यालयात त्या एकट्याच होत्या. त्यांनी कोणालाही फोन केला नाही. दुसरा ब्राउझर उघडून पाहिला, मग जोडण्या बंद केल्या, मग एकेक चालू केली, आणि दोषी जोडणीचे नाव वहीत लिहून ठेवले.

त्यांचे मत अजून बदललेले नाही. तीन महिन्यांनी त्या पुन्हा विरोधात मत देतील, असेही होऊ शकते. तो त्यांचा अधिकार आहे. पण ते मत आता यंत्र ओळखणाऱ्या माणसाचे असेल. ज्या दोन शेतकऱ्यांची नावे राहिली होती, त्यांना आपण यापेक्षा अधिक देणे लागतो हे खरे. निदान एवढे तरी देणे लागतोच.